हरीण किती पट जवळ आणावे?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

“मी मूळचा कोल्हापूरचा. गेली चौदा वर्षे पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे, वय ४६, चष्मा प्रोग्रेसिव्ह. शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांच्या आग्रहावरून या वर्षी शिकारीचा सक्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, परवाना काढला आणि त्यांच्याकडूनच ३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट ॲक्शन रायफल विकत घेतली. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी त्यांच्याबरोबर पॉटर कौंटीत जायचे आहे. तेथे जंगलात त्यांचे मचाण आहे. एका अंगाला दाट झाडी आणि दुसऱ्या अंगाला कापणी झालेले मक्याचे शेत, ज्याचा पलीकडचा बांध सव्वादोनशे यार्डांवर आहे. रायफलीवर स्कोप, म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण, नाही. दुकानातील विक्रेत्याने ६ ते २४ पटीचा, ५० मिलिमीटर भिंगाचा स्कोप सुचवला. ऑफिसातला मित्र म्हणतो, ४ ते १२ पटीपेक्षा कमी घेऊ नकोस. शेजाऱ्यांच्या स्वतःच्या रायफलीवर मात्र फक्त चार पटीचा, न बदलणारा, जुनापुराणा स्कोप आहे. शाळेत असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू टू रायफल २५ यार्डांवर उघड्या नेमाने चालवली होती, तेवढाच माझा अनुभव. चारशे डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. शिंगांची टोके मोजण्यासाठी तरी जास्त पट लागेल ना? आणि कोल्हापूरला आई-वडिलांना हे सगळे सांगावे की नाही, हाही एक प्रश्नच आहे.”

सप्रेम नमस्कार.

आधी घरचा प्रश्न मिटवतो. आई-वडिलांना अवश्य सांगा, आणि सांगताना हेही स्पष्ट करा की भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर किंवा काळवीट मारणे हा गुन्हा आहे, तर पेनसिल्व्हेनियात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार ही राज्याच्या गेम कमिशनने ठरवून दिलेल्या हंगामात, परवान्यावर आणि संख्येची मर्यादा पाळून होते. ज्या कोल्हापूर संस्थानात एके काळी पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे, तेथील वडीलधाऱ्यांना काळाचा आणि कायद्याचा हा फरक समजावणे फार अवघड जाऊ नये. आपण ग्रीन कार्डधारक आहात हेही बरे झाले. कामाच्या व्हिसावर असलेल्या इतर वाचकांनी मात्र हे सदर वाचून दुकानाकडे धाव घेऊ नये. त्यांच्या बंदूक बाळगण्यावर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची बंधने आहेत आणि त्यात शिकारीच्या परवान्यासाठी जो अपवाद आहे, त्याचा अर्थ वकिलाकडूनच समजून घ्यावा.

आता स्कोप. आपण वर्णन केलेले मचाण, आपली रायफल आणि आपला अनुभव पाहता २ ते ७ पटीचा, ३३ मिलिमीटर भिंगाचा साधा स्कोप घ्यावा. तो न मिळाल्यास ३ ते ९ पटीचा, ४० मिलिमीटरचा, जो येथे प्रत्येक दुकानात असतोच. यांपैकी कोणताही घेतला तरी मचाणावर चढताना त्याचे पट बदलण्याचे फिरते कडे सर्वांत खालच्या आकड्यावर असू द्यावे. चारशे डॉलरच्या आत यातले चांगले नग मिळतात. ६ ते २४ पटीचा स्कोप मात्र विक्रेत्याच्या काउंटरवरच राहू द्या.

आपल्या मनातली शंका ओळखून सांगतो: जास्त पट म्हणजे जास्त चांगले, हा समज अगदी स्वाभाविक आहे, कारण मोबाइलच्या कॅमेऱ्यापासून आकाशदर्शनाच्या दुर्बिणीपर्यंत आपण सगळीकडे तोच आकडा पाहून खरेदी करतो. शिकारीत तो आकडा फक्त एवढेच सांगतो की वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल. प्रत्यक्ष अंतराला त्या आकड्याने भागावे, म्हणजे डोळ्याला भासणारे अंतर मिळते. झाडीत साठ यार्डांवर उभे असलेले हरीण तीन पटीच्या स्कोपमधून वीस यार्डांवर असल्यासारखे दिसते. आपल्या शेताच्या पलीकडच्या बांधावरचे, म्हणजे सव्वादोनशे यार्डांवरचे हरीण नऊ पटीत बरोबर पंचवीस यार्डांवर येते. एनसीसीत आपण याच अंतरावर, कसल्याही भिंगाशिवाय, नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच जुळवून कागदी लक्ष्यावर नेम धरत होतात, आणि ते लक्ष्य हरणाच्या छातीपेक्षा पुष्कळच लहान होते. गोळी जेथे लागली पाहिजे, तो पुढच्या पायामागचा हृदय आणि फुप्फुसांचा भाग सुमारे आठ इंच व्यासाचा असतो. म्हणजे आपल्या मचाणावरून शक्य असलेल्या सर्वांत लांबच्या नेमालाही नऊ पटी पुरून उरतात आणि सातातही काम सहज होते. साताने ते हरीण बत्तीस यार्डांवर येते. चोवीस पटी वापराव्यात असे अंतर त्या जागी उपलब्धच नाही.

न वापरायची पट नुसती पडून राहिली असती तर हरकत नव्हती. हौसेला मोल नसते म्हणून सोडून दिले असते. पण स्कोपमध्ये प्रत्येक वाढीव पटीची किंमत दृष्टिक्षेत्रातून वसूल होते. दृष्टिक्षेत्र म्हणजे स्कोपच्या गोल खिडकीतून एका वेळी किती रुंद प्रदेश दिसतो ते माप, आणि ते शंभर यार्डांवर किती फूट अशा रीतीने खोक्यावर छापलेले असते. ३ ते ९ पटीच्या सर्वसाधारण स्कोपमध्ये तीनवर ते सुमारे तेहतीस फूट असते आणि नऊवर चौदा फुटांच्या आसपास येते. २ ते ७ पटीच्या स्कोपमध्ये दोनवर ते चाळीस फुटांच्या पुढे जाते. विक्रेत्याने सुचवलेल्या स्कोपमध्ये सर्वांत खालच्या सहा पटीवरसुद्धा ते सतरा-अठरा फुटांच्या पलीकडे क्वचितच जाते. हे आकडे शंभर यार्डांचे आहेत. अंतर तीस यार्डांवर आले की त्यांना तीन दशांशाने गुणावे लागते, आणि पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागातील बीच, हेमलॉक आणि माउंटन लॉरेलच्या दाटीत हरीण तीस यार्डांवरच अचानक उभे ठाकते.

याचा अनुभव मी माझ्या तिसऱ्या हंगामात घेतला आहे. आदल्या आठवड्यात चांदमारीच्या मैदानावर रायफलीचा नेम तपासताना, कागदावरची छिद्रे नीट दिसावीत म्हणून मी कडे नऊवर नेले होते आणि ते तेथेच राहिले. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास, पायाखालची पाने दहिवराने कुरकुरत असताना, एका हेमलॉकच्या आडून उत्तम शिंगांचा नर माझ्यापासून तीस पावलांवर आला आणि आडवा उभा राहिला. नुसत्या डोळ्यांना तो पूर्ण दिसत होता. रायफल खांद्याला लावली, तर स्कोपमध्ये फक्त तपकिरी केस. ते खांद्यावरचे होते की मांडीवरचे, हे कळायला काही मार्ग नव्हता. तीस यार्डांवर नऊ पटीला चार फुटांची खिडकी उरते, तिच्यात आख्खे हरीण मावतच नाही. मी नळी किंचित डावीकडे नेली, तर बीचची करडी साल. उजवीकडे नेली, तर पुन्हा केस. लोकरी हातमोज्यातल्या बोटांनी कडे फिरवू लागलो, तर ते थंडीने घट्ट झाले होते. एवढ्यात पांढरी शेपूट निशाणासारखी वर झाली आणि दोन उड्यांत सगळे संपले. दुरून डोंगर साजरे असतात हे ठाऊक होते; फार जवळून हरीण दिसेनासे होते, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून गाडीतून रायफल काढली की मी पहिल्यांदा ते कडे हाताने चाचपून शेवटपर्यंत खाली नेतो, आणि मगच काडतुसांच्या डबीला हात लावतो.

यावर आपला मित्र म्हणेल की खाली चार तर आहेच. चार वाईट नाही, ४ ते १२ पटीचा स्कोप घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही, आणि आपले मचाण फक्त शेताच्या तोंडाशी असते तर मी फारसा वादही घातला नसता. वायोमिंगच्या उघड्या माळावर तीनशे यार्डांवरच्या म्यूल डिअर जातीच्या हरणासाठी तोच स्कोप मी स्वतः सुचवला असता. आपल्याकडे मात्र एक अंग झाडीचे आहे, आणि पहिल्याच हंगामातला शिकारी घाईत रायफल खांद्याला लावतो तेव्हा दोन-तीन पटीची रुंद खिडकी आणि चार पटीची खिडकी यांतला फरक त्याला चांगलाच जाणवतो. वरच्या टोकाला जी तीन ते पाच पटींची भर पडते, तिचा त्या जागी काही उपयोग नाही. हरीण दूर शेतात असेल तर ते बहुधा चरत असते, आपल्याला कडे फिरवायला वेळ असतो. हरीण जवळ असेल तर वेळ नसतो. म्हणून स्कोपची निवड खालच्या आकड्यावरून करावी. वरचा आकडा मिळेल तो पुरतो.

दुसरी गोष्ट थरथरीची. स्कोप हरणाला मोठे करतो तसा आपल्या हाताचा कंपही मोठा करून दाखवतो. तीन पटीवर क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेम धरण्याची फुली, छातीच्या त्या आठ इंचांत स्वस्थ बसल्यासारखी वाटते. बारा पटीवर तीच फुली प्रत्येक श्वासाबरोबर आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नाचते. कंप दोन्ही वेळा तेवढाच असतो, पण तो डोळ्यांना दिसू लागला की नवखा माणूस फुली जागेवर येण्याची वाट पाहतो आणि ती आली रे आली की चाप झटक्याने ओढतो. गोळी चुकते ती त्या झटक्याने. हरीण समोर आल्यावर पोटात जो गोळा उठतो, श्वास चढतो, गुडघे हलतात, त्याला येथील शिकारी ‘बक फीव्हर’ म्हणतात आणि चाळीस हंगाम पाहिलेल्यांनाही तो सुटत नाही. अशा वेळी आपल्या घाबरलेपणाचे चित्र बारा पट मोठे करून डोळ्यांपुढे धरण्यात काही शहाणपण नाही.

गोळी सुटल्यानंतरचे दोन सेकंदही विसरू नयेत. ३०८ चा धक्का खांद्याला बसतो आणि नळी वर उचलली जाते. कमी पटीवर चित्र लगेच परत येते आणि हरीण कोणत्या झाडाच्या बाजूने, कोणत्या अवस्थेत गेले हे दिसते. उत्तम लागलेले हरीणसुद्धा पन्नास-शंभर यार्ड धावू शकते, आणि लॉरेलच्या कमरेएवढ्या झुडपांत रक्ताचा माग काढायचा असेल तर पहिले झाड कोणते होते हे ठाऊक असणे सर्वांत महत्त्वाचे. जास्त पटीवर धक्क्यानंतर खिडकीत आकाश किंवा फांद्या दिसतात, आणि डोळा स्कोपवरून काढेपर्यंत जंगल पुन्हा शांत झालेले असते.

उजेडाविषयी विक्रेत्याने आपल्याला जे सांगितले असेल, त्याची मला कल्पना आहे: ५० मिलिमीटरचे भिंग अंधारात जास्त उजेड गोळा करते. हे अर्धेच खरे आहे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की स्कोपच्या मागच्या टोकातून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात तरुणपणी सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयाबरोबर हे माप कमी होत जाते. चाळिशी ओलांडलेल्यांनी पाच-सहाचा हिशेब धरावा. आता ४० मिलिमीटरचा स्कोप आठ पटीवर पाच मिलिमीटरचे वर्तुळ देतो, म्हणजे आपल्या डोळ्यात मावेल तेवढे जवळजवळ सगळे. चार पटीवर तो दहा मिलिमीटर देतो, त्यातला निम्म्याहून अधिक उजेड डोळ्याबाहेरच सांडतो. ३३ मिलिमीटरचा स्कोप पाच पटीवर साडेसहा देतो. ५० मिलिमीटरचा तो मोठा स्कोप चोवीस पटीवर जेमतेम दोन मिलिमीटर देतो, आणि झुंजुमुंजू प्रकाशात त्यातून करड्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. थोडक्यात, संध्याकाळी उजेड हवा असेल तर भिंग मोठे करण्यापेक्षा पट कमी करणे स्वस्त पडते.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अंधुक प्रकाशात डोळ्यात मावेल एवढा उजेड राखून पट वाढवली तर बारकावे जास्त दिसतात, म्हणूनच जर्मनीतील शिकारी चांदण्या रात्री उंच मचाणावरून रानडुकरांसाठी आठ पटीचे, ५६ मिलिमीटर भिंगाचे स्कोप वापरतात. त्या हिशेबात वर्तुळ नेमके सात मिलिमीटर येते. पण ते रात्रीचे काम झाले. पेनसिल्व्हेनियात हरणावर रात्री गोळी झाडता येत नाही. वेळेची मर्यादा सूर्योदय आणि सूर्यास्ताला बांधलेली आहे आणि त्या मर्यादेत कोणताही बरा ४० मिलिमीटरचा स्कोप आपल्याला अडवणार नाही. शिवाय ५० मिलिमीटरचे भिंग नळीला घासू नये म्हणून स्कोप त्याला रायफलीशी जोडणाऱ्या उंच कड्यांवर बसवावा लागतो, आणि मग गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते. गाल दर वेळी एकाच जागी टेकला नाही तर डोळाही एका जागी येत नाही, आणि सगळा खटाटोप पाण्यात जातो.

शिंगांच्या टोकांविषयी आपण विचारले आहे, आणि येथे मला थोडे कडक व्हावे लागेल. २००२ पासून राज्यात शिंगांचे नियम आहेत. बहुतेक भागांत प्रौढ शिकाऱ्याला एका बाजूला किमान तीन टोके असलेलाच नर मारता येतो, आणि पश्चिमेकडच्या भागात भुवईजवळचे टोक त्यात मोजत नाहीत. तेव्हा टोके मोजावी लागतातच. पण ती मोजण्यासाठी रायफलीचा स्कोप वापरायचा नाही, कधीच नाही. स्कोपमधून जे पाहाल त्याच्यावर भरलेली नळी रोखलेली असते. फांद्यांमागे हलणारी तपकिरी वस्तू हरीण आहे की तपकिरी कोट घातलेला माणूस आहे, हे ठरवण्याची ती रीत नव्हे. कायद्याने डोके, छाती आणि पाठ मिळून अडीचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड अंगावर असले पाहिजे, तरी जंगलात सगळेच कायदा पाळतात असे समजू नये. त्यासाठी गळ्यात आठ पटीची, ४२ मिलिमीटरची हातातली दुर्बीण ठेवा. चारशेमधले दीडशे डॉलर तिच्यासाठी राखून अडीचशेचा स्कोप घेतलात तर मला अधिक आनंद होईल. दुर्बिणीने हरीण शोधा, टोके मोजा, मागे काय आहे ते पाहा, आणि मारायचेच ठरले तर मगच रायफल उचला. दुर्बिणीतूनही टोके मोजता येत नसतील तर ते हरीण आपले नव्हे.

चष्म्याचा प्रश्न आपण लिहिला नाहीत, पण वय आणि प्रोग्रेसिव्ह भिंगांचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा वरचा भाग दूरचे पाहण्यासाठी आणि खालचा जवळचे पाहण्यासाठी असतो. दस्त्यावर गाल टेकून मान पुढे झुकली की डोळा भिंगाच्या वरच्या भागातून पाहतो, हे सोयीचेच आहे. फक्त मचाणावरून खाली पाहताना मान वेगळी वळते, तेव्हा घरीच रिकाम्या रायफलीने, बोल्ट उघडून आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, दोन्ही कोनांतून सराव करून पाहा. चष्मा लावूनच नेम धरणार असाल तर चष्म्यासकटच स्कोपचे मागचे भिंग फिरवून फुली स्वच्छ करून घ्या. उजळ आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे क्षणभर पाहायचे, फुली पहिल्याच नजरेला काळी आणि रेखीव दिसली पाहिजे. फार वेळ पाहत राहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि आपली फसगत होते. आणि डोळा व स्कोप यांच्यात साडेतीन-चार इंचांचे अंतर ठेवता येईल असाच स्कोप निवडा. हे अंतर कमी असले की ३०८ चा धक्का स्कोपची धातूची कड सरळ भुवईवर आणतो, आणि चष्मा असेल तर मधल्या मध्ये तोही जातो. जास्त पटीच्या स्वस्त स्कोपमध्ये हे अंतर वरच्या आकड्यांवर कमी होते आणि डोळा तसूभर हलला तरी चित्र काळे पडते; त्या ६ ते २४ विषयीची ही आणखी एक तक्रार.

फुली साधी घ्यावी, बाहेर जाड आणि मध्यभागी बारीक होत जाणारी, जिला येथे ‘ड्युप्लेक्स’ म्हणतात. अंधुक प्रकाशात जाड रेघा नजरेला मध्यावर आणतात. फुलीच्या खाली अंतरासाठी शिडीसारख्या खुणा असलेले स्कोप दिसायला आकर्षक असतात, पण अमेरिकेतील बहुतेक शिकारी स्कोपमध्ये पट बदलली तरी फुली तेवढीच राहते, त्यामुळे त्या खुणांचा हिशेब एकाच पटीवर, बहुधा सर्वांत वरच्या, खरा ठरतो. आपल्याला त्यांची गरजही नाही. ३०८ ची दीडशे ग्रेन वजनाची गोळी शंभर यार्डांवर दोन इंच वर लागेल असा नेम बसवला, तर ती दोनशे यार्डांच्या आसपास पुन्हा नेमावर येते आणि सव्वादोनशेपर्यंत दोन-तीन इंचांपेक्षा खाली जात नाही. आठ इंचांच्या छातीत मध्यावर फुली ठेवायची आणि बाकी सगळे विसरायचे. नेम बसवताना आधी पंचवीस यार्डांवर सुरुवात करा, म्हणजे पहिल्या गोळीचे छिद्र शोधत कागदाभोवतीचा बांध पाहावा लागणार नाही. खोक्यावर ‘पाव मिनिट’ (येथे मिनिट हे कोनाचे माप) लिहिलेले असेल तर नेम सरकवण्याच्या खुंटीची एक क्लिक शंभर यार्डांवर नेम पाव इंच सरकवते. पंचवीस यार्डांवर तेवढ्याच फरकासाठी चौपट क्लिक लागतात, हे लक्षात न घेतल्याने पुष्कळजण पहिल्या दिवशी वैतागून घरी जातात.

नेम बसला की टेबल आणि वाळूच्या पिशव्या सोडा. नऊ इंची साध्या कागदी थाळ्यांची गठ्ठी घ्या, शंभर यार्डांवर एक टांगा, जमिनीवर बसून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून, पट तीनवर ठेवून पाच गोळ्या झाडा. पाचही थाळीत बसेपर्यंत मचाणावर चढू नका. मग हेच नऊ पटीवर करून पाहा. छिद्रे अधिक जवळ आली आहेत असे सहसा आढळत नाही; फक्त प्रत्येक गोळीला वेळ जास्त लागलेला असतो, आणि छातीत थोडी जास्त धडधड.

शेजाऱ्यांच्या जुन्या चार पटीच्या स्कोपला आपण ‘जुनापुराणा’ म्हटले आहे. टेक्सासमधील एल पासो येथे विल्यम वीव्हर यांनी १९३० च्या दशकापासून सामान्य शिकाऱ्याला परवडतील असे स्कोप बनवले, आणि पुढे त्यांच्या कारखान्यातला के-४, म्हणजे अचल चार पटीचा स्कोप, येथील जंगलांत घरोघरी पोहोचला; शेजाऱ्यांचा स्कोप त्याच जातीचा असावा. त्यात फिरवायला कडे नाही, म्हणून ते नऊवर विसरण्याचीही सोय नाही. माझ्या मते आपण मागितलेल्या सल्ल्यातला सर्वांत चांगला सल्ला त्यांच्या रायफलीवर आधीच बसवलेला आहे. त्यांना विचारून त्यांची रिकामी रायफल एकदा खांद्याला लावून पाहा आणि खिडकी किती रुंद दिसते ते डोळ्यांत साठवा. दुकानात प्रत्येक नवा स्कोप तिच्याशी ताडून पाहता येईल.

हवामानाविषयी थोडेसे, कारण पॉटर कौंटीत हंगाम सुरू होतो तेव्हा बर्फ पडलेले असू शकते. रात्री रायफल उबदार खोलीत आणू नका. थंड रायफल उबेत आणली की भिंगांवर दव जमते. ती व्हरांड्यात, काडतुसे काढून, कुलपात ठेवावी. मचाणावर भिंगांना उघडझाप झाकणे असावीत. आणि हरीण दिसल्यावर श्वास रोखण्याच्या नादात स्कोपच्या मागच्या भिंगावर तोंडाने उसासा सोडू नका. त्याने ते एका क्षणात पांढरे होते आणि पुसायला हातमोज्याशिवाय काही सापडत नाही.

शेवटी खरेदीची रीत. दुपारी दिव्यांच्या झगमगाटात स्कोप पाहू नका, त्या उजेडात साठ डॉलरचा आणि सहाशे डॉलरचा सारखाच सुंदर दिसतो. दुकान बंद होण्याच्या सुमारास, सूर्य मावळल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी जा आणि विक्रेत्याला दोन-तीन स्कोप, रायफलीवर न बसवता, नुसते हातात घेऊन दारापर्यंत येण्याची विनंती करा. बहुतेक दुकानांत नाही म्हणत नाहीत. वाहनतळाच्या टोकाला उभ्या असलेल्या एखाद्या ट्रकखालची सावली पाहा, मागच्या झाडांच्या बारीक फांद्या पाहा. प्रत्येक स्कोप पाच पटीवर ठेवून पाहा, मग सर्वांत खालच्या पटीवर. खालच्या पटीवर डोळा थोडा मागेपुढे, डावीउजवीकडे हलवा आणि चित्र किती लवकर काळे पडते ते पाहा. ज्यात काळे पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि ट्रकखालचे टायर वेगळे ओळखू येतात, तो घ्या, मग त्यावर वरचा आकडा सात लिहिलेला असो की नऊ.